रिकाम्या खुर्चीला विचारलेला प्रश्न

१

शुक्रवारी दुपारी वॉशिंग्टनहून वकिलाचं पत्र आलं आणि संध्याकाळच्या चहाच्या आत नेका ओडुमला घरी बसवण्यात आलं. आमच्याकडे न्याय असाच होतो. आधी धाकट्याचा गळा धरायचा, चौकशी मागाहून.

मी इशबेल गेडिस, मूळची स्कॉटलंडची. लंडनमध्ये ‘दोन किनारे’ नावाचा कार्यक्रम होतो, त्याच्या मेकअपच्या खोलीत माझी एकोणीस वर्षं गेली. दर गुरुवारी इकडे रोझलिंड थ्वेट आणि तिकडे वॉशिंग्टनला वेंडेल स्ट्रोदर, असे दोघं पडद्यावर समोरासमोर बसतात आणि दोन्ही देशांच्या पुढाऱ्यांची सालटी काढतात. रोझलिंडचा चेहरा पहिल्या दिवसापासून माझ्या हातात. तिच्या नवऱ्यालासुद्धा तो एवढा पाठ नव्हता, म्हणूनच गेला असेल.

भानगड अशी झाली. नोव्हेंबरच्या दहा तारखेला, सोमवारी, रोझलिंडनं वॉशिंग्टनला जाऊन सिनेटर कोलक्विट यांची मुलाखत घेतली. शस्त्रांच्या एका मोठ्या कंत्राटावर मतदान झालं होतं, त्या समितीचे हे अध्यक्ष. गुरुवारी, तेरा तारखेला, मुलाखत दाखवली. त्यात रोझलिंड विचारते, “मतदानाच्या आधी तुम्ही त्या शस्त्रकंपनीच्या माणसांना भेटलात का?” आणि सिनेटर हसून म्हणतात, “हो, भेटलो. उद्या वेळ आली तर पुन्हा भेटेन.”

रात्रीतून दोन्ही देशांत गहजब झाला. आणि शुक्रवारी वकिलाचं पत्र. सिनेटरचं म्हणणं, प्रश्न हा नव्हताच. प्रश्न होता, संपावर गेलेल्या गोदी कामगारांना पक्षाचा विरोध असताना भेटलात का. उत्तर त्याचं, आणि चिकटवलं भलत्याच प्रश्नाला.

हे असं चिकटवता येतं का? येतं. बाहेरगावी आमच्याबरोबर एकच कॅमेरा असतो. तो पाहुण्यावर रोखलेला. पाहुणा उठून गेला की कॅमेरा फिरवायचा आणि निवेदिकेनं तेच प्रश्न रिकाम्या खुर्चीकडे बघत पुन्हा विचारायचे. नंतर संकलनात प्रश्न आणि उत्तरं जोडायची. धंद्यात सगळेच करतात. नियम एकच, प्रश्न तेच हवेत.

जोडणारी होती नेका. म्हणून नेका घरी.

२

सोमवारी प्रॉबर्ट आले. वेल्सकडचे, वय सत्तरच्या आसपास. वाहिनीच्या तक्रार विभागातून निवृत्त झालेले, आता असलं काही निघालं की बोलावतात. गुरुवारी दुपारपर्यंत अहवाल द्यायचा होता, कारण संध्याकाळी कार्यक्रमात माफी मागावी लागणार होती. इमारतीत एक खोली रिकामी नव्हती, तेव्हा वरच्यांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

“मी कोपऱ्यात बसेन,” ते म्हणाले. “तुमचं काम चालू द्या.”

“बसा की. पण खुर्ची मेकअपचीच मिळेल. लोक समजतील, तुम्हाला तरुण करतेय.”

“तेवढं तुमच्या हातात असतं तर मी आधीच आलो असतो.”

माणूस मला आवडला.

पहिली नेका आली. एकतीस वर्षांची पोर, दक्षिण लंडनची, पदरात एक मुलगी. आईबाप नायजेरियातले, म्हणून मला आंटी म्हणते. मेकअपच्या खोलीत रडायला लोक संकोचत नाहीत, पण ती रडली नाही. मला ते जास्त लागलं.

“मूळ चित्रीकरण कुठे आहे?” प्रॉबर्टनी विचारलं.

“नाहीये. शुक्रवारी सकाळी आमची यंत्रं जुनं सगळं आपोआप पुसतात. मूळ प्रत वॉशिंग्टनला ठेवतात, असं मला तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.”

“वॉशिंग्टनवाले म्हणतात, लंडनला ठेवतात.”

नेका हसली. तिला दुसरं काही सुचलं नसावं.

“म्हणजे कुणी काही चोरलं नाही,” प्रॉबर्ट म्हणाले. “सवयीनंच गेलं. बरं, तो प्रश्न तुझ्याकडे आला कसा?”

“रोझलिंडनं बुधवारी दुपारी कॅमेऱ्यातली दोन मेमरी कार्डं दिली. एकावर मुलाखत आणि सगळे प्रश्न. दुसऱ्यावर हा एकच. म्हणाली, तिथे पहिलं कार्ड भरलं होतं. आणि कुठला प्रश्न कुठल्या उत्तराला लावायचा, ते शेजारी बसून तोंडी सांगितलं.”

“गोदी कामगारांचा प्रश्न कार्डावर नव्हता?”

“नव्हता.”

“आणि सिनेटरच्या चित्रफितीत तिचा आवाज? मागून प्रश्न ऐकू येतो ना?”

“पुटपुटल्यासारखा. उत्तराच्या आधीचा भाग तिनं आधीच कापून आणला होता. मला वाटलं, माझं काम हलकं केलं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आंटी, खोटी मुलाखत जोडली म्हणून काढलं, तर पुन्हा या धंद्यात मला कुणी दारात उभं करणार नाही. दुसरं काही मला येत नाही.”

मी तिला चहा दिला. प्रॉबर्टनी विचारलं, “रोझलिंड काय म्हणते, माहीत आहे?”

“काय?”

“कार्ड एकच दिलं म्हणते.”

३

मंगळवारी गिडियन लार्कोम्ब आला. कार्यक्रमाचा संपादक, म्हणजे आमचा साहेब. आत आला तो थेट माझे खण उघडायला लागला. त्याला ॲसिडिटी आहे आणि गोळ्या माझ्याकडे असतात.

“बुधवारी संध्याकाळी तुम्ही संकलनाच्या खोलीत अर्धा तास एकटे होतात,” प्रॉबर्ट म्हणाले.

“अंतिम प्रत बघत होतो. दर आठवड्याला बघतो.”

“तुमचा करार डिसेंबरात संपतोय.”

“आणि प्रेक्षक वाढले तर वाढेल, असंच ना? सरळ म्हणा. पण मी रोझलिंडचा प्रश्न कुठून आणू? तोंड तिचं आहे, माझं नाही.” बोलता बोलता त्याच्या हाताला माझा पत्र्याचा डबा लागला. मी त्यात दर वर्षीची पॉपी जपून ठेवते. युद्धात गेलेल्यांसाठी नोव्हेंबरात छातीवर लावायचं ते कागदी लाल फूल. टीव्हीवर त्याशिवाय बसलात तर पत्रांचा पाऊस पडतो. अकरा तारखेचं मौन पाळलं की उतरवायचं. बारा तारखेला ते लावून हिंडलात तर लोक हसतात.

“ही बघा स्कॉटिश कंजुषी,” गिडियन म्हणाला. “फुलाला पानसुद्धा दिलं नाही.”

“तुमच्या इंग्लिश फुलाला पाकळ्या दोन, आमच्याला चार. कंजूष कोण ते आधी मोज. आणि डबा ठेव खाली.”

यंदाची पॉपी डब्यात नव्हतीच, बाहेर पावडरच्या कापसांवर पडली होती. जागच्या जागी वस्तू ठेवायची मला खोड आहे, तेव्हा मी आपल्याच वयाला दोन शिव्या घातल्या आणि ती डब्यात टाकली.

नंतर पडद्यावर वेंडेल स्ट्रोदर. त्याचं बोलणं आमच्यापर्यंत यायला अर्धा क्षण लागतो, त्यामुळे तो नेहमी विचार करून बोलतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तसं काही नसतं.

“कार्ड तुमच्या माणसांकडे सहा तास होतं,” प्रॉबर्ट म्हणाले.

अर्धा क्षण. “विमानतळावर तिच्या हातात दिलं. त्या दिवशी तिनं तिथेच आणखी दोघा सिनेटरांच्या मुलाखती घेतल्या, तोच कोट, तोच मागचा काळा पडदा. त्यातलाच एखादा प्रश्न तुमच्या मुलीनं इकडचा तिकडे लावला असणार. सोपं आहे.”

“तुम्हाला अख्खा कार्यक्रम वॉशिंग्टनहून व्हायला हवाय, असं ऐकतो.”

अर्धा क्षण. “हवाय. पण त्यासाठी मी माझ्याच कार्यक्रमाचं नाक कापेन का?”

पडदा काळा झाल्यावर मी म्हटलं, “हा गोड बोलून केसानं गळा कापणारा आहे.”

“असेल,” प्रॉबर्ट म्हणाले. “पण त्याचं म्हणणं खरं असेल, तर नेका संपली.”

४

रोझलिंड त्याच दुपारी आली. माझ्या खुर्चीत बसली, डोळे मिटले, नेहमीसारखी.

“मी सगळे प्रश्न सोमवारी तिथेच रेकॉर्ड केले,” ती म्हणाली. “सिनेटर गेल्यावर लगेच, एका दमात. चेहरा माझा मीच रंगवला होता, कारण इशबेलला न्यायला पैसे नाहीत म्हणतात. तो कंपनीचा प्रश्न मी दुसऱ्या एका सिनेटरला विचारला होता. नेकानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पोर दमलेली होती.”

“लंडनला परतल्यावर एकही प्रश्न पुन्हा घेतला नाही?”

“नाही.”

“बुधवारी तुम्ही तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत होता.”

“जाहिरातीच्या दोन ओळी बोलायला. दर बुधवारी बोलते. तिथे कॅमेरा भिंतीला बसवलाय, बटण दाबलं की चालू. इशबेल चेहरा करते आणि मी एकटी खाली जाते.” तिनं डोळे उघडले आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. “नेकाला सांभाळून घ्या, प्रॉबर्ट. तिला मुलगी आहे.”

किती चांगली आहे ही, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

ती गेल्यावर प्रॉबर्टनी छोटा पडदा माझ्या टेबलावर ठेवला, प्रसारित झालेली मुलाखत लावली आणि आवाज बंद केला.

“शब्दांनी सगळे फसलेत,” ते म्हणाले. “आपण नुसतं बघू.”

रोझलिंडचे चार प्रश्न होते. पहिले तीन आणि मग तो. प्रॉबर्ट पुढे मागे करत राहिले. चौथ्यांदा चौथा प्रश्न आला आणि मला दिसलं.

रोझलिंडच्या डाव्या भुवईत एक खाच आहे. लहानपणी सायकलवरून पडली होती. ती मी बारीक पेन्सिलीनं एकेक केस काढून भरते. ती स्वतः रंगवते तेव्हा खाच तशीच राहते, कारण तेवढा धीर तिच्यात नाही. पहिल्या तीन प्रश्नांत खाच होती. चौथ्यात नव्हती. ती भुवई माझ्या हातची होती.

“हे पाहिलंत?” प्रॉबर्टनी बोट ठेवलं. भुवईवर नाही, छातीवर. “तीन प्रश्नांत पॉपीला हिरवं पान आहे. चौथ्यात नाही. पाकळ्या मोजाव्यात एवढं चित्र स्पष्ट नाही. कागदाचं पान आहे, गळूनही पडू शकतं. तुम्ही तिला रोज जवळून बघता, इशबेल. गळलं असेल का?”

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

“उद्या सांगते,” मी म्हटलं.

५

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या बुधवारी सकाळी कळलं. रोझलिंड चेहरा करून घ्यायला आली. तिच्या घटस्फोटाच्या दिवशी, तिची आई गेली त्या दिवशी, मी तिचे रडून सुजलेले डोळे मेकअपनं झाकून दिले होते आणि ती कॅमेऱ्यासमोर गेली होती. मी पेन्सिल घेतली आणि खाच भरायला लागले.

“माझी पॉपी घेतलीस गेल्या बुधवारी,” मी म्हटलं.

ती हलली नाही. “माझी विमानात हरवली. बारा तारखेला अख्ख्या लंडनमध्ये मिळेना. पॉपी विकायच्या पेट्या उचलून नेल्या होत्या.” मग म्हणाली, “मला त्यातलं पान आठवलंच नाही. तुम्हा लोकांच्या फुलाला पान नसतं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही.”

“एकोणीस वर्षं बघतेस.”

“बघते कुठे? बसते आणि डोळे मिटते.”

मी पेन्सिल खाली ठेवली. “का केलंस गं?”

“कारण ते खरं आहे. मुलाखत संपल्यावर बाहेर व्हरांड्यात मी त्याला विचारलं. कॅमेरा नाही, माइक नाही. समितीच्या खोलीबाहेर सगळ्यांचे फोन टोपलीत. तो हसला आणि म्हणाला, भेटलो की, तीनदा भेटलो, सिद्ध कर. असं म्हणाला मला. सिद्ध कर.”

“मग खरं सांगायला खोटं कशाला लागलं?”

ती खांद्यावरचा टॉवेल काढून घडी करायला लागली.

“आणि नेका?”

“तिच्यावर येईल असं वाटलं नव्हतं. सिनेटर गप्प बसेल असं वाटलं होतं. खरं असल्यावर माणूस भांडत नाही, असं आपलं मला वाटलं.” ती आरशात बघून म्हणाली, “तू सांगणार आहेस?”

“तू सांगितलंस तर मला सांगावं लागणार नाही.”

ती उठली आणि अर्धीच भुवई घेऊन निघून गेली. दुपारपर्यंत वाट बघितली. तिनं काही सांगितलं नाही. दोन वाजता मी प्रॉबर्टना म्हटलं, “पान गळलेलं नाही,” आणि भुवईचंही सांगितलं.

६

त्याच संध्याकाळी प्रॉबर्टनी सगळ्यांना माझ्याच खोलीत गोळा केलं. गिडियन दाराला टेकून, नेका कोट न काढता, रोझलिंड माझ्या खुर्चीत, वेंडेल पडद्यावर.

“मला एकच शोधायचं होतं,” प्रॉबर्ट म्हणाले. “चौथा प्रश्न कधी रेकॉर्ड झाला? सोमवारी वॉशिंग्टनला झाला असेल, मग तो कुठल्याही सिनेटरला विचारलेला असो, तर नेका दोषी. पण सोमवारी रोझलिंडच्या अंगावर इंग्लिश पॉपी होती, पानाची. चौथ्या प्रश्नात बिनपानाची आहे. नुसतं पान असतं तर मी गप्प बसलो असतो. पण सोमवारी चेहरा रोझलिंडनं स्वतः केला होता, आणि चौथ्यातली भुवई इशबेलनं भरलेली आहे. इशबेल वॉशिंग्टनला गेली नव्हती. म्हणजे तो प्रश्न लंडनला झाला.”

अर्धा क्षण. “तर मग गिडियननं करवून घेतला असेल,” वेंडेल म्हणाला.

“वा,” गिडियन म्हणाला. “मैत्री असावी तर अशी.”

“गिडियन संध्याकाळी खोलीत गेले,” प्रॉबर्ट म्हणाले, “तोवर जोडणी झाली होती. रोझलिंड गेल्या आठवड्यात मंगळवारी विमानातून उतरून घरी गेली. बुधवारी सकाळी इशबेलनं चेहरा केला, ती एकटी छोट्या खोलीत गेली, दुपारी नेकाला दोन कार्डं मिळाली. त्यामध्ये दुसरा कुणी नाही. बारा तारखेला पॉपी लावायची गरज एकालाच पडू शकते. ज्याला बारा तारीख दहा करून दाखवायची आहे, त्याला.”

मग रोझलिंड म्हणाली, “हो. मीच.” नेकाकडे मात्र तिनं बघितलं नाही.

मला वाटलं, संपलं. आमच्या वरच्या मजल्याला मी अजून ओळखतच नव्हते.

७

गुरुवारी दुपारी माफीचा मजकूर वरून लिहून आला. ‘संकलनात झालेल्या चुकीमुळे प्रश्न आणि उत्तर यांची गल्लत झाली, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ रोझलिंड नाताळनंतर स्वतःच्या कारणांसाठी कार्यक्रम सोडणार. नेका सोमवारपासून कामावर. सगळं गोड.

नेका तो कागद हातात घेऊन माझ्या खोलीत उभी होती. “संकलनात,” ती म्हणाली.

“तुझं नाव कुठे आहे त्यात?” गिडियन म्हणाला.

“या कार्यक्रमाचं संकलन करणारी मी एकटी आहे, गिडियन. शेवटी नाव येतं माझं, पडद्यावर, मोठ्या अक्षरात.”

“मी भांडलो. खरंच भांडलो. वरचे म्हणतात, निवेदिकेनं केलं असं म्हटलं तर पुन्हा आपल्यावर कोण विश्वास ठेवेल?”

चोर सोडून संन्याशाला फाशी, फक्त दोर रेशमाचा. मी गिडियनला तसं तोंडावर म्हटलं. तो गोळी घेऊन निघून गेला.

रोझलिंड साडेसहाला आली. मी तिचा चेहरा केला, भुवईसकट, कारण ते माझं काम आहे. तिच्या मांडीवर तोच कागद होता.

“वाचायचा आहे, बस,” ती म्हणाली. “वीस सेकंदांचं काम.”

“वाच की.”

“तू रागावली आहेस.”

“दर गुरुवारी तू पुढाऱ्यांना एकच विचारतेस, कुणी केलं ते सांगा. ते म्हणतात, चुका झाल्या. तू त्यांना सोडत नाहीस. मला फार अभिमान वाटायचा त्याचा.” मी पावडर झटकली. “जा, उशीर होतोय.”

नेका आणि मी माझ्या खोलीतल्या पडद्यावर बघत बसलो. सातला रोझलिंड आली. शेजारच्या चौकटीत वेंडेल. तिनं वाचायला सुरुवात केली, “गेल्या आठवड्यात सिनेटर कोलक्विट यांच्या मुलाखतीत, संकलनात झालेल्या...” आणि थांबली. थेट प्रसारण होतं. थांबलेलं सगळ्यांना दिसतं.

“नाही,” ती म्हणाली. “संकलनात चूक झाली नाही. नेका ओडुम यांनी मी दिलेलं आणि मी सांगितलेलं जोडलं. तो प्रश्न मी सिनेटरना मुलाखतीत विचारलाच नव्हता. दोन दिवसांनी इथे बसून, रिकाम्या खोलीत रेकॉर्ड केला. मी एकटीनं. नंतर मी खोटं बोलले आणि नेकाला घरी बसू दिलं. मी सिनेटर कोलक्विट यांची माफी मागते, नेकाची मागते. आजपासून मी या खुर्चीत बसणार नाही. वेंडेल, पुढचं तू घे.”

अर्धा क्षण. या वेळी वेंडेलला तो खराच लागला. मग त्यानं पुढची बातमी घेतली.

व्हरांड्यातल्या त्या बोलण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. बोलली असती तर अर्ध्या लोकांनी तिला माफ केलं असतं. पण हातात पुरावा नव्हता. उद्या सिनेटर निर्दोष म्हणून मिरवणार होते, आणि तीही तिचीच करणी होती.

नेकाचे डोळे भरून आले तेव्हा तिनं ते माझ्याच कापसानं पुसले.

“आंटी, ती परत येईल आत्ता, चेहरा धुवायला. मला तिच्याशी बोलायचं नाहीये. निदान आज नाही.”

“नको बोलूस. कुणी जबरदस्ती केलेली नाही.”

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. “प्रॉबर्ट म्हणत होते, तिनं केलं कारण तिला वाटत होतं ते खरं आहे. तो खरंच भेटला होता का कंपनीच्या माणसांना?”

“तीनदा,” मी म्हटलं. “तिला तसं म्हणाला होता. सिद्ध कर म्हणाला.”

“मग आता?”

“आता काय. आता कुणी विचारलं तरी तो या कार्यक्रमाचं नाव घेऊन हसेल.”

नेकानं कोट काढला आणि माझ्या खुंटीला अडकवला. “मतदानाच्या महिन्यातलं त्या समितीच्या इमारतीबाहेरचं चित्रीकरण जुन्या साठ्यात असेल,” ती म्हणाली. “कोण आत गेलं, कोण बाहेर आलं. वेंडेलच्या माणसांनी रोज पाठवलं होतं आणि कुणी बघितलं नव्हतं. ते पुसलं जात नाही, वेगळ्या कपाटात असतं.”

“सोमवारपासून कामावर ये म्हणालेत तुला.”

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि मुलीला आणायला शेजारणीला फोन करत संकलनाच्या खोलीकडे गेली.